चला, दोन दिवस पायी चालू या



आपल्या घरातल्या रजांचा हिशेब एकदा मांडून पाहा. चार दिवस गावच्या लग्नाला जातात, दोन दिवस कुणाच्या तरी पुण्यानुमोदनाला, एक दिवस मुलाच्या दाखल्यासाठी कचेरीत, एक दिवस म्हाताऱ्या आईला दवाखान्यात नेण्यात. चौदा एप्रिल आणि सहा डिसेंबर तर ठरलेलेच. उरलेली रजा आजारपणासाठी राखून ठेवायची. कंत्राटी कामगाराला तर रजाच नाही; खाडा झाला की पगार कापला. अशा घरात कुणी म्हटले, ‘दोन दिवस डोंगरात पायी फिरून येऊ’, तर पहिले उत्तर येते, ‘रोज पायपीट करतोच की आपण, आणखी चालायला पैसे खर्चून कशाला जायचे?’

प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याला उत्तरही नीट दिले पाहिजे. रोजची पायपीट पोटासाठी असते. ती घड्याळाच्या काट्यावर, गर्दीत, धुरात, डोक्यात दहा काळज्या घेऊन केलेली असते. मोकळ्या हवेत, आपल्या माणसांबरोबर, कुणाच्या हुकुमाशिवाय चालणे ही वेगळी गोष्ट आहे. श्रीमंत माणूस त्यासाठी हिल स्टेशनला बंगला घेतो. आपल्याला बंगला नको. लोकलचे तिकीट, भाकरी, पाण्याची बाटली आणि पायात धड बूट एवढे पुरे. या सदरात आज अशाच एका दोन दिवसांच्या वाटेची माहिती देत आहे. वाट मावळातली आहे : मळवली स्टेशन, भाजे लेणी, गायमुख खिंड, लोहगड आणि दुसऱ्या दिवशी इंद्रायणी ओलांडून कार्ले लेणी. डोंगर, रान आणि नदीकाठ असे तिन्ही या वाटेवर भेटतात.

प्रथम एक गोष्ट सांगायला हवी. सहल हा आपल्या चळवळीला परका विषय नाही. १९३४ साली चळवळीतल्या काही कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांकडे इच्छा व्यक्त केली की, आपण सर्व मिळून सहलीला जाऊ. बाबासाहेब कबूल झाले. काही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच असे ठरले. तीसेक माणसे नाशिकहून निघाली. पण सहलीचा गाजावाजा मुद्दाम केला नव्हता. कारण अस्पृश्य प्रवाशाला आडगावात ज्या अडचणी येतात त्या टाळायच्या होत्या. तरीही दौलताबादच्या किल्ल्यावर व्हायचे ते झालेच. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी तेथल्या तळ्याच्या पाण्याने हातपाय धुतले आणि ‘पाणी बाटवले’ म्हणून गिल्ला झाला. शेवटी किल्ला पाहू दिला तो पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, बरोबर शस्त्रधारी शिपाई देऊन! ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींमध्ये लिहून ठेवली आहे. परदेशातून मोठमोठ्या पदव्या घेऊन आलेल्या माणसाला आपल्याच देशातला एक किल्ला पाहताना हे सोसावे लागले.

म्हणून आपला मुलगा आज लोहगडाच्या पायऱ्या चढतो, वाटेतल्या घरी पाणी मागून पितो, लेण्याच्या गारव्यात बसून डबा उघडतो, तेव्हा त्यात नुसती मौज नसते. मोकळेपणाने चालणे, हवे तेथे थांबणे, पाणी पिणे हे आपल्या माणसांना झगडून मिळालेले आहे. मिळालेला हक्क वापरला नाही तर तो कागदावरच राहतो.

आता वाटेला लागू. पुणे–लोणावळा लोकल आपल्या पुण्या-पिंपरीच्या वाचकांना ठाऊक आहेच. या रेल्वेमार्गावर देहूरोड लागते. तेथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली, हे गाडीत मुलांना सांगावे. पुढे तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत आणि मग मळवली. मुंबईकडून येणाऱ्यांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडची लोकल धरावी. पहिलेच स्टेशन मळवली. सकाळी लवकरची गाडी पकडली तर ऊन चढायच्या आत निम्मी चढण होते.

मळवलीला उतरले की दक्षिणेकडे भाजे गाव. वाटेत पुलावरून द्रुतगती महामार्ग ओलांडावा लागतो. खालून मोटारी सणसणत जात असतात आणि आपण वरून पायी. अर्ध्या-पाऊण तासात गाव येते आणि गावातूनच लेण्याच्या पायऱ्या सुरू होतात. भाजे आणि कार्ले या दोन्ही लेण्यांना पुरातत्त्व खात्याचे तिकीट आहे. मोठ्या माणसाला पंचवीस रुपयांच्या आसपास पडते, पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरायला सुरुवात झाली असे अभ्यासक मानतात. म्हणजे बावीसशे वर्षांपूर्वीचे काम. एकूण बावीस लेणी आहेत. मधोमध चैत्यगृह आहे. त्याची पुढची बाजू लाकडी होती, ती काळाच्या ओघात गेली; म्हणून आज पायऱ्या चढून आल्यावर आतला स्तूप थेट समोर दिसतो. आतले सत्तावीस अष्टकोनी खांब सरळ उभे नाहीत, थोडे आत झुकलेले आहेत. असे का, हे मुलांना विचारावे. लाकडी घरात छताचा भार पेलायला खांब तिरके रोवत असत. दगडात त्याची गरज नव्हती. पण कारागिराचा हात लाकडावर बसलेला होता, म्हणून त्याने दगडातही तसेच केले. जवळच चौदा लहान स्तूपांचा समूह आहे. इथे राहून गेलेल्या थेरांच्या स्मरणार्थ ते उभारलेले आहेत. त्यांपैकी अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन्न ही नावे अजून वाचता येतात.

पण भाज्यात माझ्या मते सर्वांत मोठे नाव कुणा थेराचे किंवा महारठीचे नाही. सहाव्या क्रमांकाच्या विहारात एका खोलीच्या दारावर एक लहानसा लेख आहे. त्यात म्हटले आहे की, हे दान हालिकाच्या बायकोचे आहे. हालिक म्हणजे हलाने, नांगराने शेत कसणारा. तिचे नाव कुणी बाधा असे वाचतात, कुणी बोधी. राजाची राणी नव्हे, सावकाराची लेक नव्हे, नांगऱ्याची बायको! तिने काय विकले असेल, किती दिवस पै-पै साठवली असेल, आपल्याला माहीत नाही. पण तिने दान दिले आणि ते तिच्या स्वतःच्या नावाने खडकात कोरले गेले. दोन हजार वर्षांनी आपण ते वाचतो.

भगिनींनो, त्या दारापाशी दोन मिनिटे उभ्या राहा. आपल्या घरातल्या किती बायकांना दिवसातून एकदा तरी स्वतःच्या नावाने हाक मारली जाते? ‘अगं’, ‘पिंट्याची आई’, ‘सूनबाई’ यातच आयुष्य जाते. आपल्या कष्टाच्या पैशातून आपल्या नावाने काही करण्याची मुभा किती जणींना आहे? बचत गटाच्या वहीत सही कुणाची असते आणि पैसे कोण खर्च करतो? त्या नांगऱ्याच्या बायकोचा लेख नुसता पाहण्यासाठी नाही, विचार करण्यासाठी आहे.

मुलांसाठी येथे एक खेळ सुचवते. लेण्यांतले लेख ब्राह्मी लिपीत आहेत. पुष्कळशा लेखांत ‘दानं’ हा शब्द येतो. ब्राह्मीतला ‘न’ ओळखायला सोपा : आडव्या रेघेवर उभी काडी. शेजारी टिंब दिसले की तो अनुस्वार. ही लिपी शेकडो वर्षे कुणालाच वाचता येत नव्हती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अधिकाऱ्याने ती उलगडली, ती कशाच्या आधारे? सांचीच्या कठड्यावरचे छोटे छोटे लेख एकाच दोन अक्षरांनी संपतात हे त्याच्या ध्यानात आले. त्याने तर्क केला की, लोक स्तूपाला देणगी देतात तेव्हा तेथे ‘दानं’ असेच लिहिले असणार. तर्क खरा ठरला आणि अशोकाचे शिलालेख बोलू लागले. सामान्य माणसांच्या लहान लहान देणग्यांनी एवढ्या मोठ्या सम्राटाचा आवाज पुन्हा ऐकू आला! मुलांना सांगा, खांबांवर, दारांवर ‘दानं’ शोधा. ज्याला आधी सापडेल त्याला राजगिऱ्याचा लाडू.

लेणी पाहून खाली भाज्यात आलात की गायमुख खिंडीची वाट धरावी. डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड, मधे खिंड. मुले, म्हातारी माणसे बरोबर असतील तर तीन तास धरून चाला. घाई करू नका. पाऊस संपल्यावर, आश्विन-कार्तिकात, या उतारांवर सोनकीची पिवळी फुले असतात आणि कडेला तेरडा. पुढे थंडीत गवत वाळून सोनेरी होते. माघ-फाल्गुनात पळस, पांगारा, काटेसावर फुलतात. झाडाला पान नाही आणि अंगभर लाल फुले. चैत्र-वैशाखात करवंदे आणि जांभळे; पण तेव्हा ऊन फार असते. कारवीची झुडपे दिसतील. ही कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि मग मरून जाते. तिच्याच काटक्यांना शेणमाती लिंपून डोंगरातल्या लोकांनी आपल्या घरांच्या भिंती उभ्या केल्या. झाडाचे नाव ठाऊक नसेल तर वाटेत भेटणाऱ्या गुराख्याला विचारा. ठाकर, कातकरी, महादेव कोळी ही इथली डोंगरातली माणसे. त्यांना झाडापाल्याचे जे ज्ञान आहे ते पुस्तकात सापडत नाही. त्यांच्याशी मानाने बोला. उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाला ‘ए’ म्हणून हाक मारणे आपल्याला तरी शोभत नाही.

खिंडीपलीकडे लोहगडवाडी. तेथे गावकरी घरगुती जेवणाची आणि मुक्कामाची सोय करतात. आधी निरोप देऊन, दर विचारून जावे. दुपारची विश्रांती घेऊन उन्हे कलल्यावर गड चढावा. चांगल्या बांधीव पायऱ्या आहेत. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक लागतात. उंची सुमारे ३४०० फूट. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना हा किल्ला मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये तो पुन्हा स्वराज्यात आला. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले, त्यांत लोहगड आहे. पश्चिमेकडे डोंगराची एक लांब सोंड पुढे गेलेली दिसते, तिला विंचूकाटा म्हणतात. लहान मुलांना तिकडे नेऊ नये. माकडे फार आहेत. पिशवी हातात घट्ट धरावी.

गडावरून दक्षिणेकडे पाहिले की पवना धरणाचे पाणी पसरलेले दिसते. पिंपरी-चिंचवडच्या वाचकांनो, तुमच्या नळाला येते ते हेच पाणी. मुलांना ते दाखवा आणि त्याची किंमतही सांगा. या धरणाखाली मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. पुढे हे पाणी बंद जलवाहिनीने शहराकडे न्यायचे ठरले तेव्हा शेतकऱ्यांनी विरोध केला आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती महामार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मरण पावले. त्यांत एक स्त्री होती. पाण्याचे मोल आपल्या समाजाला नव्याने शिकवायला नको. १९२७ च्या महाडच्या तळ्यावर आपण ते शिकलो. म्हणूनच दुसऱ्याच्या वाट्याचे पाणी आपल्या नळाला येते तेव्हा ते सांडू नये, एवढे तरी आपण करू शकतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून आल्या वाटेने उतरावे. उतरताना गुडघ्यांवर ताण येतो, म्हणून पावले लहान टाकावीत आणि काठी घ्यावी. मळवली गाठून रेल्वे ओलांडली की सपाट मुलूख सुरू होतो. दोन्ही बाजूंना भातखाचरे, मधून इंद्रायणी. ही नदी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावते, देहू-आळंदीवरून जाते आणि तुळापूरला भीमेला मिळते. म्हणजे जी भीमा भीमा कोरेगावजवळून वाहते तिच्यातच हे पाणी जाते. नदीकाठी घटकाभर सावलीत बसावे. बाजारात आपण ‘इंद्रायणी’ तांदूळ घेतो, तो याच मावळातला. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तो वाण तयार झाला आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांना मिळाला. आंबेमोहोराचा वास आणि जास्त उतारा देणारा परदेशी वाण यांचा तो संकर. आपण रोज शिजवतो त्या भातामागे कुणाचे किती डोके आणि किती घाम आहे हे मुलांना कळले पाहिजे.

पुढे जुना महामार्ग ओलांडून कार्ले फाट्यावरून वेहेरगावाकडे जावे. स्टेशनपासून लेण्याच्या पायथ्यापर्यंत चार-पाच किलोमीटर होतात. पाय दुखत असतील तर फाट्यावरून रिक्षा मिळते. त्यात कमीपणा मानू नये. पायऱ्यांवर गर्दी असते, कारण लेण्याच्या दाराशीच एकवीरा देवीचे देऊळ आहे. चैत्रातल्या यात्रेत तर पाय ठेवायला जागा नसते. ते दिवस टाळावेत.

कार्ल्याचे चैत्यगृह भारतातल्या मोठ्या चैत्यगृहांपैकी एक. लांबी सुमारे १२४ फूट, रुंदी ४५ फूट, उंचीही जवळजवळ तेवढीच. छताला सागवानी कमानी आहेत. दोन हजार वर्षे झाली तरी लाकूड टिकून आहे. हे सारे कुणी केले? वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केले असा लेख आहे. पण तो एकटा नव्हता. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या मुलाने, दाराचे काम केले. त्याचे नाव तेथे आहे. सिंहदत्त नावाच्या अत्तरविक्याच्या दानाचा लेख आहे. धेनुकाकटच्या यवनांनी, म्हणजे परदेशातून येऊन येथे राहिलेल्या लोकांनी, खांब दिले. भिक्षुणींची नावे आहेत. बाहेरचा सिंहस्तंभ अग्निमित्रणक नावाच्या महारठीने दिला. शेठ, सुतार, अत्तरवाला, परदेशी, भिक्षुणी, सरदार सगळे एका छताखाली, आणि प्रत्येकाचे नाव त्याच्या दानापाशी. सुताराचे नाव शेठच्या नावासारखेच दगडात कोरलेले! आपल्या वस्तीतल्या विहाराचे बांधकाम चालू असते तेव्हा हे आठवावे. तेथे एक विट देणाऱ्या मोलकरणीचे नाव वहीत तेवढ्याच आदराने लिहिले जाते का?

ही लेणी या डोंगरांतच का खोदली, असा प्रश्न मुले विचारतील. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांतून माल घाटावर येई तो बोरघाटातून. व्यापाऱ्यांचे तांडे या वाटेने जात. भिक्खूही याच वाटेने पायी चारिका करीत. पावसाळ्याचे तीन महिने मात्र चालणे बंद. एका जागी राहून वर्षावास करायचा. त्यासाठी ही दगडी घरे. तथागतांनी बोधगयेहून सारनाथला जाऊन पहिला उपदेश केला तोही पायी चालतच, आणि पुढची पंचेचाळीस वर्षे ते गावोगाव चालत राहिले. चालणाऱ्या माणसांनी, वाटसरूंनी, कष्टकऱ्यांनी हा धम्म उभा केला. मोटारीतून उतरून दहा मिनिटांत लेणे पाहणाऱ्याला ते कळत नाही. पायाला माती लागलेल्याला कळते.

परतताना कार्ले फाट्यावरून लोणावळ्याकडे जाणारे वाहन मिळते आणि तेथून लोकल. ज्यांना दोन दिवस जमत नाहीत त्यांनी एका सुट्टीला भाजे करावे, दुसऱ्या सुट्टीला कार्ले. तिसऱ्या वेळी कामशेतला उतरून बेडसे लेणी पाहावीत. चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत. पण गर्दी नाही, शांतता आहे.

आता काही रोखठोक गोष्टी.

पहिली, पावसाळ्याची. धबधब्याच्या आणि पुराच्या पाण्याशी खेळू नका. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसे, त्यांत लहान मुले, पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेली. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळला आणि चार जणांचे प्राण गेले. वर डोंगरात पाऊस झाला की खाली क्षणात पाणी वाढते. लेकरांना घेऊन जायचे तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हेच दिवस चांगले.

दुसरी, तयारीची. आधी पंधरा दिवस रोज संध्याकाळी अर्धा तास चाला. नवे बूट घालून निघू नका, फोड येतात. गुळगुळीत तळाची चप्पल तर नकोच. माणशी दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, टोपी किंवा ओढणी, बॅटरी आणि रोजची औषधे. बीपी-साखरेच्या गोळ्या घरी विसरू नका. पाऊण तास चालले की दहा मिनिटे बसा. सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पावलाने सगळ्यांनी चालायचे, हा नियम ठेवा.

तिसरी, डब्याची, आणि ही पुरुषांनी नीट वाचावी. सहल म्हटली की घरातली बाई आदल्या रात्री बारापर्यंत पुऱ्या तळते, पहाटे चारला उठते, वाटेत सगळ्यांना वाढते आणि परत आल्यावर डबे घासते. बाकीच्यांची सहल होते, तिचा मात्र दुप्पट राबता होतो. असे करणार असाल तर सहलीला जाऊच नका. साधी भाकरी, ठेचा, बोंबलाची चटणी, उकडलेली अंडी, कांदा एवढे पुरे. भाकरी तिने थापल्या तर अंडी त्याने उकडावीत, पाणी मुलाने भरावे, पिशवी मुलीच्या भावाने उचलावी. परत आल्यावर डबे घरातल्या पुरुषांनी घासावेत. जिला वर्षात एक दिवस सुट्टी नाही तिला दोन दिवस मिळाले, तरच ही पायपीट सार्थकी लागली असे मी म्हणेन.

चौथी, दारूची. त्या बाजूला शनिवार-रविवारी बाटल्या घेऊन येणारे टोळकी करून बसतात. आपण पंचशील घेणारी माणसे. लेण्याच्या पायथ्याशी बसून पाचवे शील मोडायचे आणि वर जाऊन हात जोडायचे, हे चालणार नाही.

पाचवी, लेण्यांच्या काळजीची. खांबांवर कोळशाने, खडूने, खिळ्याने ‘अमुक लव्ह तमुक’ लिहिलेले दिसते. कुणी लिहिताना दिसला तर आवाज न चढवता पण ठामपणे थांबवा. मेणबत्त्या थेट दगडावर लावू नका, काजळी धरते. कागद, प्लॅस्टिक, अंड्याची टरफलेसुद्धा पिशवीत घालून परत आणा. आपला वारसा म्हणून नुसत्या घोषणा देऊन दगड टिकत नाही.

अनेक भगिनी म्हणतात, ‘ताई, पैसे साठले की जाऊ.’ पैसे साठायची वाट पाहू नका. दोन माणसांचे लोकलचे तिकीट एका सिनेमापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. वस्तीतली चार घरे एकत्र आली तर सोबतही होते आणि धीरही येतो. येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारातच विषय काढा. कोण कोण येणार त्यांची नावे वहीत लिहा, आणि त्या यादीत बायकांची नावे त्यांच्या स्वतःच्या नावाने लिहा.

जयभीम!